राजा सर टी. माधवराव : कारभाऱ्याचे शौर्य आणि त्याची सीमा

मराठी मनात वीरपुरुषाची जी प्रतिमा रुजलेली आहे, ती प्रामुख्याने बखरींनी आणि पोवाड्यांनी घडविलेली आहे. गड सर करणारा, रणात देह ठेवणारा, शत्रूच्या गोटातून निसटून येणारा पुरुष शाहिराच्या डफावर सहज उभा राहतो. परंतु जिंकलेला मुलूख ज्याने नीट राखला, रयतेचा सारा ठरविला, रिकाम्या खजिन्याचा ताळमेळ बसविला, त्या कारभाऱ्याच्या वाट्याला फार तर एखादी सनद आणि दप्तरातले काही रुमाल येतात. एकोणिसाव्या शतकात मराठ्यांच्या तलवारीचा काळ संपला, तेव्हा मराठी माणसाच्या कर्तृत्वाला जी नवी क्षेत्रे लाभली, त्यांत संस्थानी कारभार हे एक महत्त्वाचे क्षेत्र होते. मद्रासच्या मैलापूर भागात ४ एप्रिल १८९१ रोजी ज्यांचे निधन झाले, ते राजा सर टी. माधवराव हे या क्षेत्रातील सर्वांत नामांकित पुरुष होत. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद त्यांनी भूषविले. कारभाराला शौर्य म्हणता येईल काय, आणि म्हटले तर त्या शौर्याची सीमा कोठे पडते, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून जितका स्पष्टपणे पुढे येतो तितका क्वचितच दुसऱ्या कोणाच्या चरित्रातून येत असेल.

माधवरावांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथे झाला. कावेरीच्या काठचे हे गाव तंजावरच्या मराठी राज्याच्या प्रभावक्षेत्रातले. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात तंजावरास गादी स्थापन केली आणि त्यांच्यामागून देशस्थ ब्राह्मणांची अनेक घराणी लेखणीच्या बळावर त्या तमिळ मुलखात स्थिरावली. सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. देशापासून दूर, परभाषेच्या शेजारात राहणाऱ्या समाजाला आपली ओळख दगडावर लिहून ठेवावीशी वाटली, यात त्या समाजाचे मन दिसते. पण राज्य हळूहळू आटत गेले. १७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला आणि १८५५ साली दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारल्यावर गादीही संपली. घरात मराठी, बाजारात तमिळ, दरबारात लागेल ती भाषा आणि कचेरीत इंग्रजी अशा चौरंगी व्यवहारात वाढलेली तंजावरची मंडळी मग दक्षिणेतील इतर संस्थानांकडे वळली. त्रावणकोर हे त्यांचे मोठे आश्रयस्थान ठरले. माधवरावांचे चुलते व्यंकटराव आणि वडील रंगराव या दोघांनीही त्या संस्थानाचे दिवाणपद सांभाळले होते. तेव्हा माधवरावांना वारशाने जमीनजुमला किंवा जहागीर आली नाही. आला तो एक पेशा, आणि त्या पेशाबरोबर येणारे कायमचे उपरेपण.

त्यांचे शिक्षण मद्रास येथे एअर बर्टन पॉवेल या नामांकित शिक्षकाच्या हाताखाली झाले. गणित हा त्यांचा आवडीचा विषय. १८४६ साली ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. काही काळ अध्यापन आणि अकाउंटंट जनरलच्या कचेरीतली नोकरी करून १८४९ साली ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून तिरुवनंतपुरमला गेले. पुढे महसूल खात्यात शिरून पेशकाराच्या हुद्द्यापर्यंत चढले. आणि दिवाण कृष्णराव वारल्यावर, वयाची तिशी पूर्ण होण्याआधीच, दिवाणपदाची सूत्रे त्यांच्या हाती आली.

त्या वेळी संस्थानाची स्थिती हलाखीची होती. डोक्यावर कर्ज होते, नोकरांचे पगार थकलेले होते, आणि खालसा धोरणाची आठवण ताजी असल्यामुळे गैरकारभाराचे निमित्त करून इंग्रज संस्थान घशात घालतील ही भीती काल्पनिक नव्हती. या परिस्थितीत माधवरावांनी जे केले त्यात नाट्य काहीच नव्हते. मिऱ्याचा व्यापार सरकारच्या मक्त्याचा होता. पिकविणाऱ्याला सरकार ठरवील त्या भावाने माल सरकारलाच घालावा लागे. तो मक्ता १८६० साली उठला आणि त्याच्या जागी निर्यात जकात आली. तंबाखूच्या मक्त्यामुळे चोरट्या व्यापाराला ऊत आला होता, पकडापकडी आणि लाच यांचे जाळे पसरले होते. तोही मक्ता त्यांनी मोडला. १८६५ साली ब्रिटिश हिंदुस्थान, कोचीन आणि त्रावणकोर यांच्यात व्यापारविषयक करार होऊन सरहद्दीवरच्या बऱ्याच जकाती नाहीशा झाल्या. उत्पन्न बुडेल अशी ओरड झाली, पण व्यापार वाढल्यामुळे तूट भरून निघाली. थकलेले पगार मिळू लागले, कर्ज फिटले, रस्ते आणि कालवे झाले, शाळा वाढल्या, तिरुवनंतपुरमची सरकारी कचेऱ्यांची देखणी इमारत १८६९ साली पुरी झाली. ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद व अर्थशास्त्रज्ञ हेन्री फॉसेट यांनी माधवरावांना हिंदुस्थानचा तुर्गो म्हटले. तुर्गो हा राज्यक्रांतीपूर्व फ्रान्सचा अर्थमंत्री. मक्ते मोडून धान्याचा व्यापार मोकळा करू पाहणारा, आणि दोन वर्षांच्या आत पदच्युत झालेला. तुर्गोला जे साधले नाही ते माधवरावांना एका छोट्या संस्थानात चौदा वर्षांत बरेचसे साधले, एवढा या उपमेतला फरक ध्यानात घ्यावयास हवा.

परंतु हिशेबाच्या वहीत न बसणारा एक प्रश्न त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच उभा राहिला. त्रावणकोरच्या दक्षिण भागात, म्हणजे १९५६ नंतर कन्याकुमारी जिल्हा म्हणून तमिळनाडूत गेलेल्या मुलखात, ताडावर चढून उपजीविका करणाऱ्या शाणार अथवा नाडार जातीची मोठी वस्ती होती. या जातीच्या स्त्रियांनी छाती झाकता कामा नये असा तेथला दंडक होता. वस्त्र ही तेथे केवळ लज्जारक्षणाची बाब नव्हती; कोणी कोणापुढे किती उघडे राहावयाचे यावर जातीची उतरंड उभी होती. लंडन मिशनच्या पाद्र्यांनी नागरकोविल परिसरात शाळा काढल्या, नाडारांतील पुष्कळांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्या स्त्रिया कुप्पायम नावाची चोळी घालू लागल्या. तिच्यावर सवर्ण स्त्रियांप्रमाणे उपरणेही घेऊ लागल्या, तेव्हा दंगे झाले. १८२९ च्या जाहीरनाम्याने चोळीला परवानगी आणि उपरण्याला मनाई अशी तोड काढली होती. ख्रिस्ती न झालेल्या नाडारांतही स्वाभिमानाची चळवळ उभी राहत होती. अय्या वैकुंडर यांनी आपल्या अनुयायांना ताठ मानेने, डोईला पागोटे बांधून उभे राहावयास शिकविले आणि त्यासाठी तुरुंगवास सोसला. त्यांच्या पंथाचे अकिलत्तिरट्टु हे तमिळ पद्यकाव्य १८४१ साली लिहिले गेल्याचे मानतात. दरबारी इतिहासात ज्यांना स्थान नव्हते त्यांनी आपल्या वीराची गाथा अशी स्वतःच रचून घेतली.

१८५८ च्या अखेरीस हा प्रश्न पुन्हा पेटला. राणीचा जाहीरनामा नुकताच निघाला होता. त्याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावला. बाजारात स्त्रियांच्या अंगावरची वस्त्रे फाडली गेली, प्रार्थनामंदिरे आणि शाळा जळाल्या. नवे दिवाण माधवराव यांनी पहिली भूमिका घेतली ती कारभाऱ्याची : १८२९ चा नियम अमलात आहे, तो नाडारांनी मोडू नये आणि सवर्णांनी कायदा हातात घेऊ नये. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रिव्हेल्यन यांचा दाब आला तेव्हा २६ जुलै १८५९ रोजी महाराजांचा नवा जाहीरनामा निघाला. नाडार स्त्रियांना अंग झाकण्याची मोकळीक मिळाली, मात्र उच्च जातींच्या स्त्रियांसारखे वस्त्र त्यांनी घेऊ नये अशी अट राहिली.

या अटीत माधवरावांच्या कारभाराचे सारे मर्म सापडते. शांतता राखली गेली, इंग्रजांचा हस्तक्षेप टळला, दरबाराची प्रतिष्ठा वाचली, आणि पीडितांच्या पदरात काहीतरी पडले. परंतु ज्या गोष्टीसाठी त्या स्त्रियांनी भर बाजारात मार खाल्ला होता, ती गोष्ट म्हणजे बरोबरी, जाहीरनाम्याने नाकारली. शरीर झाकण्याचा हक्क मान्य झाला. पण झाकण्याच्या तऱ्हेतून कमीपणा दिसलाच पाहिजे हा आग्रहही मान्य झाला. या प्रसंगात शौर्य कोणाचे, असे विचारले तर उत्तर दिवाणाच्या कचेरीत मिळत नाही. ते त्या स्त्रियांचे होते. त्यांतील बहुतेकींची नावे इतिहासाने नोंदविलेली नाहीत.

असे असूनही माधवरावांना केवळ तडजोडखोर ठरविणे न्याय्य होणार नाही. जेथे प्रश्न जमिनीचा होता तेथे त्यांनी मोठी झेप घेतली. संस्थानातील लागवडीच्या जमिनीचा मोठा हिस्सा सरकारी मालकीचा असून कसणारे केवळ कुळे होती. २ जून १८६५ च्या जाहीरनाम्याने, सारा भरीत राहिल्यास, या कुळांना जमिनीचा वंशपरंपरागत आणि विक्रीयोग्य हक्क मिळाला. १८६७ साली खाजगी जन्मी जमीनदारांच्या कुळांनाही काही संरक्षण देण्यात आले. मालकीची शाश्वती मिळताच शेतकऱ्याने जमिनीत श्रम आणि पैसा घातला; केरळच्या पुढील कृषिसमृद्धीचा एक पाया येथे घातला गेला. मात्र हा लाभ ज्याच्या हाती आधीच कूळपण होते त्यालाच झाला. १८५५ साली गुलामगिरी कायद्याने उठली होती, तरी पुलय आणि परय मजूर दुसऱ्याच्याच खाचरात राबत राहिले. त्यांच्या नावावर काही नव्हतेच, म्हणून त्यांना मिळालेही काही नाही. सरकारी शाळांची दारेही त्यांच्या मुलांना दीर्घकाळ बंदच होती. जी रयत सरकारच्या वहीत नोंदलेली होती तिचे कल्याण माधवरावांनी मनापासून केले; जी नोंदलेलीच नव्हती ती त्यांच्या दृष्टीच्या टप्प्याबाहेर राहिली.

याच काळात पुण्यास जोतीराव फुले कार्य करीत होते. त्यांचा जन्म १८२७ चा आणि मृत्यू १८९० चा; म्हणजे ही दोन आयुष्ये जवळजवळ समांतर गेली. एकाने दरबाराच्या आत बसून नियम बदलले, दुसऱ्याने दरबार आणि देव्हारा या दोहोंच्या बाहेर उभे राहून नियम करणाऱ्यांचा अधिकारच तपासला. फुले यांनी स्त्रीशूद्रांच्या अवमानाला वाङ्मयात भाषा दिली. माधवरावांच्या टिपणांत आणि अहवालांत त्या अवमानाची दखल सार्वजनिक शांततेचा प्रश्न म्हणून येते. एकोणिसाव्या शतकातील मराठी कर्तृत्वाचे संपूर्ण चित्र या दोघांना शेजारी ठेवल्याशिवाय उभे राहत नाही.

महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्याशी बिनसल्यामुळे १८७२ साली माधवरावांनी त्रावणकोर सोडले. आपला विद्यार्थी राजा झाल्यावर गुरूचा सल्ला त्याला जाचू लागला, ही संस्थानी जीवनातील नेहमीची शोकांतिका. पुढे ते इंदूरला तुकोजीराव होळकरांचे दिवाण झाले. १८७५ साली बडोद्यात विलक्षण पेचप्रसंग उभा राहिला. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आळ मल्हारराव गायकवाडांवर आला. तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासदांच्या चौकशी मंडळात एकमत झाले नाही, तरी गैरकारभाराच्या कारणावरून त्यांना पदच्युत करून मद्रासला पाठविण्यात आले. राणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. तेच सयाजीराव महाराज. राज्य चालविण्यासाठी माधवरावांना बोलाविण्यात आले.

बडोद्यात त्यांच्या ओळखीचा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला असला पाहिजे. पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेला हा देशस्थ कारभारी मराठी राजघराण्याच्या, मराठी सरदारांच्या राज्यात मुख्य झाला. पण रयत गुजराती, आणि सरदारांच्या दृष्टीने तोही बाहेरूनच आलेला. त्यांनी सारावसुलीची इजाऱ्याची पद्धत मोडली, न्यायखात्याची घडी बसविली, शिक्षणाचा पाया घातला आणि अल्पवयीन महाराजांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती १८८१ साली पुस्तकरूपाने निघाली. राजाने स्वतःच्या लहरीवर लगाम ठेवावा आणि राज्य हा प्रजेचा ठेवा समजावा, हे त्यांचे सार. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले आणि १९१३ साली भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. गुरूची दृष्टी जेथे थांबली होती त्याच्या पलीकडे शिष्य गेला. १८८२ साली माधवरावांनी दिवाणपद सोडले आणि ते मद्रासला परतले. त्याच वर्षी, त्याच शहरात, पदच्युत मल्हारराव नजरकैदेत वारले. ज्याचे राज्य गेले तो आणि ज्याने ते सावरले तो, दोघांनाही अखेर मद्रासनेच ठाव दिला.

मैलापूर हे कपालीश्वराच्या देवळाभोवती आणि त्याच्या तळ्याभोवती वसलेले प्राचीन गाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वकील, न्यायाधीश आणि निवृत्त अधिकारी यांनी येथे घरे केली आणि नव्या सार्वजनिक जीवनाचे ते एक केंद्र बनले. माधवरावांचे चुलतबंधू दिवाणबहादूर रघुनाथराव येथलेच. डिसेंबर १८८४ मध्ये त्यांच्या घरी सतरा गृहस्थांची बैठक झाली आणि तीत राष्ट्रीय सभेच्या कल्पनेने आकार घेतला, अशी एक परंपरा आहे. विधवाविवाहाचा पुरस्कार करून रघुनाथरावांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला होता.

निवृत्त माधवरावांनी येथे लेखणी हाती धरली. हर्बर्ट स्पेन्सरचे ग्रंथ ते वाचीत आणि वृत्तपत्रांत नेटिव्ह थिंकर, नेटिव्ह ऑब्झर्व्हर अशा टोपणनावांनी लिहीत. आफ्रिकेतील जर्मन वसाहतींपासून ज्योतिषशास्त्रापर्यंत कोणताच विषय त्यांना वर्ज्य नव्हता. बालसंगोपनावरील त्यांच्या पुस्तिकेचे मराठीत व गुजरातीत भाषांतर झाले. बालविवाहाचा त्यांनी कठोर निषेध केला, स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला. हिंदू स्त्रियांनी चारचौघांत कोणता पोशाख करावा यावरही त्यांनी लिहिले. ज्याच्या दिवाणगिरीच्या आरंभी नाडार स्त्रियांच्या वस्त्राचा जाहीरनामा निघाला, तोच पुरुष तीस वर्षांनी टोपणनावाआड स्त्रियांच्या वस्त्राचा विचार करीत होता, हा योगायोग वाचकाला थबकविल्यावाचून राहत नाही.

मलबारातील जन्मी आणि कुळे यांच्या तंट्यांचा विचार करण्यासाठी सरकारने नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. डिसेंबर १८८७ मध्ये राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली मद्रासला भरले. सहाशे सात प्रतिनिधींचे स्वागत करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद माधवरावांकडे होते. त्याच वेळी महादेव गोविंद रानडे आणि रघुनाथराव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय सामाजिक परिषदेची पहिली बैठक झाली आणि तिचे अध्यक्षही माधवरावच होते. राजकीय हक्क आणि समाजसुधारणा ही दोन्ही चाके एकाच गाड्याची आहेत हे त्या दिवशी मद्रासला दिसले. पण कायदेमंडळांच्या विस्ताराविषयी मतभेद होऊन १८८९ साली माधवराव सभेपासून दूर झाले. आयुष्यभर वरून खाली सुधारणा देणाऱ्या पुरुषाला, खालून वर मागणी करणाऱ्या समुदायाचे नेतृत्व पेलले नाही. त्रावणकोरात जी सीमा दिसली होती तीच येथेही आडवी आली.

डिसेंबर १८९० मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढील एप्रिलमध्ये मैलापुरात त्यांची प्राणज्योत मालवली. त्याच वर्षी जानेवारीत त्रावणकोरच्या दहा हजारांहून अधिक रहिवाशांनी महाराजांना एक अर्ज केला होता. संस्थानातील मोठ्या जागा परदेशी ब्राह्मणांना दिल्या जातात आणि भूमिपुत्र वंचित राहतात, ही त्यातली तक्रार. त्या वेळचे दिवाण टी. रामराव हेही तंजावरच्या देशस्थ परंपरेतलेच होते. ज्या पेशाने माधवरावांच्या घराण्याला तीन पिढ्या प्रतिष्ठा दिली, त्याच पेशाचा पाया आता प्रजेने हलविला होता. विशेष म्हणजे त्या अर्जाचे एक पुढारी जी. परमेश्वरन पिळ्ळै यांनीच पुढे थोर हिंदी पुरुषांच्या चरित्रांत माधवरावांना मानाचे स्थान दिले. पद्धतीला विरोध आणि व्यक्तीविषयी आदर, हा विवेक दोन्ही बाजूंना शोभून दिसणारा आहे.

तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर माधवरावांचा पुतळा उभा आहे आणि त्याच्यावरून तो सारा परिसरच स्टॅच्यू या नावाने ओळखला जातो; बसवाहकाच्या तोंडी नाव पुतळ्याचे असते, पुतळा कोणाचा हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. मैलापूरच्या लझ भागात विसाव्या शतकाच्या आरंभी व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांच्या प्रयत्नाने रानड्यांच्या नावाचे ग्रंथालय स्थापन झाले. तमिळ लोकांनी एका मराठी विचारवंताचे नाव आपल्या वस्तीत जपले, यात जन्मभूमीच्या पलीकडे जाणारी ओळख आहे. माधवरावांची ओळखही तशीच होती. ते महाराष्ट्राचे म्हणावेत तर तेथे त्यांचे घर नव्हते. तमिळ म्हणावेत तर घरची भाषा मराठी. केरळाने पुतळा उभारला आणि बडोद्याने त्यांच्या हातची घडी वापरली. ओळख जन्माने मिळते तशी ती कामानेही मिळवावी लागते, हे त्यांच्या आयुष्याने सिद्ध केले.

त्यांच्या शौर्याचे मोजमाप करताना दोन्ही माप हाती असावीत. कर्जात बुडालेले राज्य रक्त न सांडता सावरणे, हजारो कुळांना कागदाच्या एका तावाने जमिनीचे धनी करणे, अल्पवयीन राजाला सत्तेपेक्षा कर्तव्य मोठे असे शिकविणे, याला धैर्य लागते आणि ते माधवरावांपाशी होते. परंतु ज्या ठिकाणी व्यवस्थाच अन्यायाची असते तेथे व्यवस्था राखणाऱ्याचे धैर्य अर्ध्यावर थांबते. उरलेले अर्धे अंतर नागरकोविलच्या बाजारात उभ्या राहिलेल्या नाडार स्त्रियांना स्वतःच चालावे लागले. मराठी वाङ्मयाने कारभाऱ्याला वीरांच्या पंक्तीत बसविण्यास उशीर केला हे खरे. ते ऋण फेडताना त्या स्त्रियांचे पान कोरे ठेवले, तर तो हिशेब माधवरावांसारख्या काटेकोर दिवाणाने मंजूर केला नसता.